‘ते’ म्हणजे नेहमीच ‘दे’ नव्हे!

इंग्रजी सर्वनामांपाशी वऱ्हाडातील विद्यार्थी का अडखळतो?

अमरावती/अकोला, विशेष प्रतिनिधी

‘माय फादर इज अ फार्मर. दे आर व्हेरी हार्डवर्किंग.’ बँकेच्या किंवा खासगी कंपनीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या वऱ्हाडातील तरुणांच्या तोंडून असे वाक्य सहज निघून जाते. वडील एकच, पण दुसऱ्या वाक्यात ते अनेक होतात. ऐकणारा गालातल्या गालात हसतो, बोलणारा ओशाळतो आणि पुढचे वाक्य ओठांतच अडकते. अमरावती असो वा अकोला, दर्यापूर असो वा मूर्तिजापूर, मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याची इंग्रजीविषयीची भीड मोठमोठ्या शब्दांमुळे निर्माण होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्याची वाट अडवतात ते ‘ही’, ‘शी’, ‘इट’, ‘दे’ असे इवलेसे शब्द. मोठा शब्द अडला तर शब्दकोश उघडता येतो. सर्वनाम चुकले, तर ते चुकले हेच कळत नाही.

या चुकीत अज्ञानापेक्षा आदर अधिक आहे, हे मात्र ध्यानात घेतले पाहिजे. घरात वडिलांविषयी बोलताना ‘ते आले’, ‘ते शेतात गेले’ असे म्हणण्याचा संस्कार झालेल्या मुलाला ‘ही’ म्हणजे ‘तो’ असे शिकवले जाते. स्वतःच्या वडिलांना ‘तो’ म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. मग तो ‘ते’ या शब्दाला समांतर असा ‘दे’ शोधतो. त्याचा तर्क मराठीच्या नियमाने अचूक आहे. केवळ तो नियम इंग्रजीत चालत नाही. राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. तरीही हा अडसर कायम राहण्याचे एक कारण असे, की सर्वनामांचा तक्ता पाठ करून घेतला जातो, परंतु दोन भाषांची सर्वनामे वेगवेगळे काम करतात हे क्वचितच समजावून दिले जाते.

नामाचा प्रतिनिधी

नामाचा पुनःपुन्हा होणारा उच्चार टाळण्यासाठी त्याच्या जागी जो शब्द येतो तो सर्वनाम, ही व्याख्या शाळेत प्रत्येकाने घोकलेली असते. मराठीत मूळ सर्वनामे नऊ : मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण आणि स्वतः. त्यांपैकी लिंगानुसार बदलणारी तीन : तो, हा, जो. वचनानुसार बदलणारी पाच : मी, तू, तो, हा, जो. मराठी व्याकरणाच्या या मांडणीमागे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ मधील व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ मधील ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंतची मोठी परंपरा आहे.

वऱ्हाडालाही या परंपरेत स्थान आहे. अकोल्यातून १८७५ मध्ये मॅट्रिक झालेले गोपाळ गणेश आगरकर समाजसुधारक म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्यांनी १८८८ मध्ये ‘वाक्यमीमांसा’ हा व्याकरणविषयक ग्रंथही लिहिला होता, हे अनेकांच्या स्मरणात नसते. वाक्याचे पृथक्करण करून त्यातील प्रत्येक पदाचे काम ओळखण्याची जी शिस्त इंग्रजी व्याकरणात होती, ती मराठीला लावून पाहण्याचा तो प्रयत्न होता. दोन भाषा शेजारी ठेवून पाहण्याची हीच दृष्टी इंग्रजी सर्वनामे शिकताना उपयोगी पडते.

इंग्रजीने आपला ‘तू’ हरवला

आदराचाच प्रश्न आधी घेऊ. मराठीत समोरच्या व्यक्तीसाठी तू, तुम्ही आणि आपण अशा तीन पायऱ्या आहेत. आईला ‘तू’, वडिलांना ‘तुम्ही’ आणि सभेतील अध्यक्षांना ‘आपण’. इंग्रजीत या तिघांनाही ‘यू’. त्यामुळे इंग्रजीत आदरच नाही, असा अनेकांचा ग्रह होतो.

इतिहास मात्र नेमका उलटा आहे. जुन्या इंग्रजीत एका व्यक्तीसाठी ‘दाऊ’ आणि अनेकांसाठी ‘यी’ व ‘यू’ ही रूपे होती. ‘दाऊ’ हा संस्कृतातील ‘त्वम्’ आणि मराठीतील ‘तू’ यांचा दूरचा भाऊबंद. तिन्ही शब्द एकाच प्राचीन भाषाकुळातले. तेराव्या शतकाच्या सुमारास फ्रेंच दरबारी रीतीच्या प्रभावाने एका व्यक्तीलाही आदरार्थी अनेकवचन वापरण्याची प्रथा इंग्रजीत रुजली. हळूहळू हा आदर इतका सार्वत्रिक झाला, की सतराव्या शतकात ‘दाऊ’ बोलण्यातून जवळजवळ नाहीसा झाला आणि पुढे प्रार्थनेत, काव्यात व काही बोलींत तेवढा उरला. म्हणजेच ‘यू’ हा मूळचा ‘तुम्ही’ आहे. इंग्रज माणूस आईलाही ‘तुम्ही’ म्हणतो, मित्रालाही ‘तुम्ही’ म्हणतो. समोर एकच माणूस असतानाही ‘यू इज’ न म्हणता ‘यू आर’ का म्हणायचे, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. ‘तुम्ही आहे’ असे आपणही म्हणत नाही.

तृतीय पुरुषात मात्र इंग्रजीने ही आदराची पायरी घेतली नाही. एक पुरुष असेल तर ‘ही’, एक स्त्री असेल तर ‘शी’. मग ती व्यक्ती राष्ट्रपती असो वा शेजारचे लहान मूल. म्हणून ‘ही’ म्हणजे ‘तो’ असे न शिकवता ‘ही’ म्हणजे ‘तो’ किंवा एका पुरुषाविषयी आदराने वापरलेला ‘ते’, असे शिकवले पाहिजे. तसेच ‘शी’ म्हणजे ‘ती’ किंवा एकाच स्त्रीविषयीचे आदरार्थी ‘त्या’. ‘माझे वडील शेतकरी आहेत. ते फार कष्ट करतात’ याचे इंग्रजी ‘माय फादर इज अ फार्मर. ही वर्क्स व्हेरी हार्ड’ असेच होईल. यात वडिलांचा अनादर होत नाही. इंग्रजीत आदर दाखवायचा तर तो ‘मिस्टर’, ‘सर’ अशा संबोधनांतून आणि विनंतीच्या भाषेतून दाखवला जातो.

खुर्ची ‘शी’ का नाही?

दुसरी अडचण लिंगाची. मराठीत निर्जीव वस्तूंनाही व्याकरणातील लिंग असते. तो दरवाजा, ती खुर्ची, ते कपाट. इंग्रजीत या तिन्हींसाठी एकच सर्वनाम : ‘इट’. येथे मराठी विद्यार्थ्याला खरे तर दिलासाच मिळायला हवा. ‘व्हेअर इज माय पेन? ही वॉज हिअर’ असे वाक्य तयार होते, ते डोक्यात आधी ‘तो पेन’ आलेला असतो म्हणून. इंग्रजीत वस्तूचे लिंग विचारायचे नाही. माणूस आहे की नाही, एवढेच पाहायचे. पाळीव प्राण्यांना जिव्हाळ्याने ‘ही’ किंवा ‘शी’ म्हणतात, तो अपवाद.

याच्याच जोडीला ध्वनीचा एक गमतीदार घोटाळा आहे. मराठी ‘मी’ म्हणजे कर्ता. इंग्रजी ‘मी’ म्हणजे ‘मला’. मराठी ‘ही’ म्हणजे जवळची स्त्री किंवा स्त्रीलिंगी वस्तू. इंग्रजी ‘ही’ म्हणजे पुरुष. मराठी ‘दे’ हे आज्ञार्थी क्रियापद. इंग्रजी ‘दे’ हे अनेकवचनी सर्वनाम. पहिली-दुसरीतील मूल इंग्रजी शब्द कानाने शिकते, तेव्हा ऐकू येणारा ध्वनी आधीच दुसऱ्या अर्थाने भरलेला असतो. हा गोंधळ एकदा मोकळेपणाने सांगून, त्यावर मुलांना हसू देऊन पुढे गेले, तर तो पुष्कळसा ओसरतो.

‘मले’, ‘माह्यावालं’ आणि ‘माइन’

इंग्रजी सर्वनामांची रूपे वाक्यातील कामानुसार बदलतात. कर्ता असेल तर ‘आय’, कर्म असेल किंवा आधी शब्दयोगी अव्यय आले असेल तर ‘मी’, मालकी दाखवायची असेल तर ‘माय’ किंवा ‘माइन’. हे चार शब्द वेगवेगळे वाटले, तरी वऱ्हाडी बोलणाऱ्याला ही व्यवस्था परकी नाही. मी, मले, माह्यं, माह्यावालं अशी रूपे तो रोज वापरतो. ‘त्यानं मले सांगतलं’ म्हणताना कोणी ‘त्यानं मी सांगतलं’ म्हणत नाही. तसेच ‘ही टोल्ड मी’ म्हणायचे. ‘ही टोल्ड आय’ म्हणायचे नाही.

‘माय’ आणि ‘माइन’ यांतील फरक तर वऱ्हाडीतून फार सोपा होतो. ‘हे माह्यं पुस्तक हाय’ यात पुढे नाम आहे. म्हणून ‘धिस इज माय बुक’. ‘हे पुस्तक माह्यावालं हाय’ यात नाम आधीच येऊन गेले आहे आणि मालकीचा शब्द एकटा उभा आहे. म्हणून ‘धिस बुक इज माइन’. बोलीत ‘माह्यावालं पुस्तक’ असेही म्हटले जाते, तेवढे सोडले तर ही खूण पक्की आहे. ‘युअर’ व ‘युअर्स’, ‘हर’ व ‘हर्स’, ‘अवर’ व ‘अवर्स’, ‘देअर’ व ‘देअर्स’ या सर्व जोड्यांना तोच नियम. ‘हिज’ मात्र दोन्हीकडे सारखाच राहतो. बोलीला ‘अशुद्ध’ ठरवून वर्गाबाहेर ठेवण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी एकदा हा प्रयोग करून पाहावा.

एक सापळा मात्र येथेच आहे. मराठीत अनुभवाची वाक्ये ‘मला’ने सुरू होतात. मला भूक लागली, मला माहीत आहे, मला ताप आला, मला हे आवडते. वऱ्हाडीत ‘मले भूक लागली’, ‘मले मालूम हाय’. इंग्रजीत या बहुतेक ठिकाणी अनुभव घेणाराच कर्ता होतो : ‘आय अ‍ॅम हंग्री’, ‘आय नो’, ‘आय हॅव फीवर’, ‘आय लाइक धिस’. ‘मला’ दिसले की ‘टू मी’ लिहिण्याचा मोह आवरला, की निम्म्या चुका कमी होतात.

जोडीने येणाऱ्या सर्वनामांत सुशिक्षितही चुकतात. ‘मी आणि माझा भाऊ’ याचे इंग्रजी करताना स्वतःला मागे ठेवण्याचा शिष्टाचार आहे : ‘माय ब्रदर अँड आय’. हा नियम एकदा ठसला, की तो नको तिथेही लावला जातो आणि ‘बिट्वीन यू अँड आय’ असे चुकीचे वाक्य जन्म घेते. ‘बिट्वीन’नंतर कर्माचे रूप हवे, म्हणून ‘बिट्वीन यू अँड मी’. शंका आली तर जोडीदाराला वाक्यातून बाजूला करून पाहावे. ‘सर कॉल्ड राहुल अँड आय’ हे बरोबर आहे का? राहुलला काढा. ‘सर कॉल्ड आय’ असे उरते. ते कानाला खटकते. म्हणून ‘राहुल अँड मी’.

कर्ता गाळण्याची मराठी मुभा

‘कुठे होतास?’ ‘कालच आलो.’ या दोन वाक्यांत एकही सर्वनाम नाही, तरी कोण कोणाविषयी बोलतो हे स्वच्छ कळते; कारण ‘होतास’ आणि ‘आलो’ ही क्रियापदेच पुरुष आणि वचन सांगतात. इंग्रजी क्रियापदांनी ही शक्ती कालौघात बरीचशी गमावली आहे. ‘केम’ एवढ्यावरून मी आलो, तू आलास की ते आले, हे ठरत नाही. त्यामुळे इंग्रजीत कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही.

ही सक्ती इतकी आहे, की जेथे कर्ताच नाही तेथेही एक नाममात्र कर्ता बसवावा लागतो. ‘पाऊस पडतो आहे’ याचे इंग्रजी ‘इट इज रेनिंग’. ‘अकोल्यात फार ऊन आहे’ याचे ‘इट इज व्हेरी हॉट इन अकोला’. येथील ‘इट’ म्हणजे काय, असे विद्यार्थी हमखास विचारतात. उत्तर असे, की काहीच नाही. ती केवळ कर्त्याच्या खुर्चीवर बसवलेली बाहुली आहे. वेळ, हवामान आणि अंतर या तीन विषयांत ती हटकून लागते. ‘अमरावती ते अकोला सुमारे शंभर किलोमीटर आहे’ हे इंग्रजीत सांगतानाही सुरुवात ‘इट इज’ने होते.

आम्ही, आपण आणि ‘वी’

काही ठिकाणी मराठी इंग्रजीपेक्षा अधिक नेमकी आहे. ‘आम्ही सिनेमाला चाललो’ म्हटले, की ऐकणारा त्यात नाही. ‘आपण सिनेमाला जाऊ’ म्हटले, की तोही आला. वऱ्हाडीत हाच भेद ‘आमी’ आणि ‘आपुन’ असा दिसतो. इंग्रजीत दोहोंसाठी एकच ‘वी’. हिंदीतही बहुधा ‘हम’वरच भागवले जाते. त्यामुळे ‘वी आर गोइंग’ असे ऐकल्यावर निमंत्रण आहे की नुसती माहिती, हे संदर्भावरून ओळखावे लागते. निमंत्रण द्यायचे असेल तर ‘लेट अस गो’ किंवा ‘शाल वी गो’ असे स्पष्ट म्हणणे बरे.

कोणाचे शेत?

असाच, पण याहून गंभीर प्रश्न ‘आपला’ या शब्दाचा आहे. समजा, मराठीत वाक्य आहे : ‘रामरावांनी शामरावांना आपले शेत विकायला सांगितले.’ येथे ‘आपले’ हा शब्द सामान्यतः कर्त्याकडे, म्हणजे रामरावांकडे बोट दाखवतो. ‘त्यांचे शेत’ म्हटले, तर ते शामरावांचे किंवा तिसऱ्या कोणाचे, असा अर्थ निघतो. इंग्रजीत दोन्ही वाक्ये एकच होतात : ‘रामराव आस्क्ड शामराव टू सेल हिज फील्ड.’ शेत कोणाचे, हे या वाक्यावरून सांगता येत नाही.

गोष्टीच्या पुस्तकात ही संदिग्धता चालून जाते. खरेदीखत, मृत्युपत्र, पोलिसांतील तक्रार किंवा न्यायालयातील शपथपत्र यांत ती महागात पडते. म्हणूनच वकिली इंग्रजीत सर्वनाम टाळून नाव पुनःपुन्हा लिहिण्याची किंवा ‘द सेड’, ‘द व्हेंडर’, ‘द पर्चेसर’ असे शब्द वापरण्याची पद्धत पडली. सामान्य वाचकाला हा मजकूर रटाळ वाटतो. पण त्या रटाळपणामागे शहाणपण आहे. मूळ मराठी कागदाचे इंग्रजी भाषांतर हाती आले, तर त्यातील प्रत्येक ‘हिज’, ‘हर’ आणि ‘देअर’ नेमके कोणाविषयी आहे, हे सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे. उत्तर एकाहून अधिक निघत असेल, तर तेथे नाव लिहून घ्यावे.

‘आपला’मुळे आणखी एक चूक संभवते. ‘तिने आपल्या भावाला बोलावले’ याचे भाषांतर कधीकधी ‘शी कॉल्ड हिज ब्रदर’ असे होते. कारण भाऊ पुरुष आहे. इंग्रजीत हे सर्वनाम ज्याच्या मालकीचे त्याच्याप्रमाणे चालते, ज्याविषयी बोलले जाते त्या वस्तू वा व्यक्तीप्रमाणे नव्हे. बोलावणारी बहीण आहे, म्हणून ‘हर ब्रदर’. आणखी एक बारकावा लिहिण्यापुरता : मालकीच्या ‘इट्स’मध्ये अपॉस्ट्रॉफी येत नाही. ते चिन्ह दिले, की ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असा अर्थ होतो.

‘मायसेल्फ’ने सुरुवात नको

मुलाखतीत ‘मायसेल्फ’ म्हणून पुढे आपले नाव सांगण्याची पद्धत केवळ वऱ्हाडातील नाही. ती देशभर आहे. ‘मायसेल्फ’ हे आत्मवाचक सर्वनाम असून त्याची कामे दोन. पहिले, कर्त्याची क्रिया कर्त्यावरच उलटते तेव्हा : ‘आय हर्ट मायसेल्फ’, म्हणजे मला माझ्याच हातून लागले. दुसरे, जोर देण्यासाठी : ‘आय मायसेल्फ सॉ इट’, म्हणजे मी स्वतः पाहिले. दोन्ही ठिकाणी वाक्यात ‘आय’ आधीपासून हजर आहे. ‘मायसेल्फ’ एकटा कर्ता होऊ शकत नाही. ओळख करून देताना ‘आय अ‍ॅम’ किंवा ‘माय नेम इज’ एवढे पुरेसे आहे. ते साधे वाटते म्हणून काही जण ‘मायसेल्फ’ वापरतात. मुलाखत घेणाऱ्याच्या मनात पहिली खूणगाठ तेथेच बसते.

मराठीतील ‘जो... तो’ ही जोडीही अशीच इंग्रजीत डोकावते. ‘जो मुलगा काल आला तो माझा भाऊ आहे’ याचे भाषांतर ‘द बॉय हू केम यस्टर्डे, ही इज माय ब्रदर’ असे केले जाते. ‘हू’ने ‘जो’चे काम केल्यावर ‘तो’साठी वेगळ्या ‘ही’ची गरज उरत नाही. ‘द बॉय हू केम यस्टर्डे इज माय ब्रदर’ हे पूर्ण वाक्य आहे. माणसांसाठी ‘हू’, वस्तूंसाठी ‘विच’ आणि पुष्कळदा दोन्हींसाठी ‘दॅट’.

अनिश्चित सर्वनामांत वचनाची गफलत होते. आपण ‘सगळे आले आहेत’ म्हणतो, म्हणून ‘एव्हरीवन हॅव कम’ लिहिले जाते. ‘एव्हरीवन’, ‘एव्हरीबडी’, ‘समवन’, ‘नोबडी’, ‘ईच’ यांना एकवचनी क्रियापद लागते. ‘एव्हरीवन’ म्हणजे ‘सगळे’ असे न म्हणता ‘प्रत्येक जण’ असे मनात म्हटले, तर ‘हॅज’ आपोआप येते. स्पर्धा परीक्षांत वाक्यातील चूक शोधायला सांगणाऱ्या प्रश्नांचे हे आवडते ठिकाण आहे.

राष्ट्रपती आणि ‘ही’

सर्वनाम हा केवळ परीक्षेतील गुणांचा विषय नाही, याचे उदाहरण अमरावतीकरांच्या चांगल्या परिचयाचे आहे. १९९१ ते १९९६ या काळात लोकसभेत अमरावतीचे प्रतिनिधित्व केलेल्या प्रतिभाताई पाटील यांनी २५ जुलै २००७ रोजी देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती म्हणून शपथ घेतली. त्या वेळी ‘राष्ट्रपती’ या शब्दात ‘पती’ आहे, मग महिलेला काय म्हणावे, याची देशभर चर्चा झाली. राज्यघटनेच्या इंग्रजी पाठात मात्र राष्ट्रपतींसाठी सर्वत्र ‘ही’ आणि ‘हिज’ हीच सर्वनामे आहेत. राष्ट्रपतींच्या पदावधीविषयीचा अनुच्छेद ५६ हे त्याचे एक उदाहरण. तरीही महिलेच्या निवडीत घटनात्मक अडचण आली नाही. कारण घटनेच्या अर्थविवरणाला अनुच्छेद ३६७ अन्वये १८९७ चा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम लागू होतो आणि पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश होतो, असे तो अधिनियम सांगतो.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत तर कलम ८ खास ‘ही’ या सर्वनामासाठी होते. ते पुरुष वा स्त्री अशा कोणत्याही व्यक्तीला लागू होईल, असे त्यात म्हटले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच व्याख्या ठेवताना पुरुष आणि स्त्री यांच्या जोडीला तृतीयपंथी व्यक्तींचाही उल्लेख करण्यात आला. दोन अक्षरांच्या इंग्रजी शब्दाचा अर्थ संसदेला कायद्यात लिहून ठेवावा लागतो, एवढे त्याचे वजन आहे.

कायद्याने ‘ही’चा अर्थ रुंदावला, तर इंग्रजीच्या रोजच्या वापराने दुसरी वाट धरली. व्यक्ती स्त्री की पुरुष हे माहीत नसेल, तेव्हा एका व्यक्तीसाठीही ‘दे’ वापरण्याची रीत इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आढळते. ‘समवन हॅज लेफ्ट देअर बॅग’ हे वाक्य आज सर्रास स्वीकारले जाते. स्त्री किंवा पुरुष अशा चौकटीत स्वतःला न बसवणाऱ्या व्यक्तींनीही आपल्यासाठी ‘दे’ स्वीकारल्यामुळे या शब्दाला नवे महत्त्व आले. मेरियम-वेबस्टर या अमेरिकी कोशाने २०१९ चा ‘वर्षाचा शब्द’ म्हणून ‘दे’चीच निवड केली. ज्यांच्या भाषेत एका माणसाला ‘ते’ म्हणण्याची रीत जुनी आहे, त्या मराठी माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. फरक एवढाच, की मराठीत एकवचनी ‘ते’ आदरासाठी येते. इंग्रजीत एकवचनी ‘दे’ लिंग अज्ञात असताना किंवा त्या व्यक्तीने तसे सांगितले असताना येते. वडिलांबाबत या दोन्ही गोष्टी बहुधा संभवत नाहीत. परीक्षार्थींनी मात्र एक खबरदारी घ्यावी : अनेक मार्गदर्शक पुस्तके अजून ‘एव्हरीवन’नंतर ‘हिज’ किंवा ‘हिज ऑर हर’ हेच उत्तर बरोबर मानतात.

सरावासाठी पाच खुणा

१. ‘ते’ किंवा ‘त्या’ आले, की प्रथम माणसे मोजा. एकच असेल तर ‘ही’ किंवा ‘शी’.

२. वस्तूचे मराठी लिंग विसरा. निर्जीव असेल तर ‘इट’, अनेक असतील तर ‘दे’.

३. मराठी वाक्यात कर्ता दिसत नसेल, तर क्रियापदावरून तो शोधून इंग्रजीत लिहा. मुळातच नसेल, तर ‘इट’ बसवा.

४. जोडीत ‘आय’ की ‘मी’ असा प्रश्न पडला, तर जोडीदाराला काढून वाक्य म्हणून पाहा.

५. परिच्छेद लिहून झाल्यावर प्रत्येक सर्वनामाखाली रेघ मारा आणि ते कोणाबद्दल आहे, ते समासात लिहा. दोन नावे सुचली, तर सर्वनाम खोडून नाव लिहा.

या पाचव्या खुणेचा उपयोग मराठी लिहिणाऱ्यालाही होईल. रोज पंधरा मिनिटे एखादी छोटी इंग्रजी बातमी घेऊन हा प्रयोग केला, तर पंधरवड्यात फरक जाणवू लागतो. त्यासाठी शिकवणी लागत नाही, पेन्सिल पुरते.

मुलाखतीला जाणाऱ्या त्या तरुणाने ‘माय फादर इज अ फार्मर’ म्हटल्यावर क्षणभर थांबून पुढे ‘ही’ म्हणावे. वडिलांविषयीचा आदर त्या सर्वनामाने कमी होत नाही. तो पुढे त्यांच्याविषयी काय सांगणार आहे, त्यातून तो कळणारच असतो. ते सांगण्याआधी त्याने गप्प बसू नये, एवढेच महत्त्वाचे.